दरभंग्याला मी ‘मराठी’ झालो



बदली हा शब्द ऐकला की बँकेतल्या मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. केवळ बदली नको म्हणून प्रमोशनची परीक्षा न देता कारकून म्हणूनच निवृत्त झालेल्या हुशार माणसांची यादी मी आत्ता उभ्या उभ्या सांगू शकेन. मीही बराच काळ त्याच रांगेत होतो. मग एकदा मोह झाला, परीक्षा दिली, पास झालो आणि ऑर्डर हातात आली. दरभंगा, बिहार.

घरी दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. बायको म्हणाली, “नकार देता येत नाही का?” आई म्हणाली, “तिकडं माणसं मारतात म्हणे.” मी आईला काही बोललो नाही, कारण माझीही माहिती साधारण तेवढीच होती. दरभंगा नकाशावर कुठे आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सत्तेचाळीस वर्षांचा, पदवीधर, बँकेत चोवीस वर्षं नोकरी केलेला माणूस. रोज पेपर वाचणारा.

जानेवारी २००९ ची गोष्ट. कुर्ल्याहून पवन एक्स्प्रेस पकडली. उत्तरेत धुकं, गाडी कित्येक तास उशिरा. दरभंगा स्टेशनच्या बाहेर आलो तर समोर काही दिसेना. धुक्यातून एक सायकलरिक्षावाला पुढे झाला आणि म्हणाला, “भैया, कहाँ जाइएगा?”

खरं सांगतो, मला राग आला. मला भैया म्हणतो? आमच्या कराडला भैया म्हणजे पाणीपुरीवाला, भैया म्हणजे घराला रंग देणारा, फरशी बसवणारा. दोन-तीन सेकंद गेली आणि मग डोक्यात उजेड पडला की हा बिचारा मला थोरला भाऊ म्हणतो आहे. भाऊ, दादा, अण्णा या शब्दांचं आपण असं काही करून ठेवलेलं नाही. पण एका प्रांताच्या लोकांचा थोरल्या भावासाठीचा शब्द उचलला आणि त्याची शिवी केली. आणि ती शिवी आहे हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलं होतं की मला ती ऐकू आल्यावर अपमान वाटला.

हे झालं पहिलं. पण मी आज मुख्यतः जे सांगायला आलोय ते त्यानंतरच्या आठवड्यातलं आहे.

मी घर शोधत होतो. बँकेचं क्वार्टर नव्हतं. लहेरियासरायमध्ये, म्हणजे दरभंग्याच्या दक्षिणेकडच्या भागात, शाखेतल्या शिपायाने दोन-तीन पत्ते दिले होते. पहिल्या घरी “खोली गेली” म्हणाले. दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरचे गृहस्थ मोकळ्या स्वभावाचे होते. त्यांनी चहा दिला, बसवलं, नाव विचारलं, गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, “हमारे लड़के परीक्षा देने गए थे। उनको काहे मारा आप लोगों ने?”

ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतातल्या मुलांना मारहाण झाली होती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यानंतर बिहारमध्ये रेल्वे अडवल्या, डबे जाळले. मी तिथे पोहोचलो तेव्हा या गोष्टीला तीन महिनेही झाले नव्हते.

मी म्हणालो, “मी तिथं नव्हतो हो. मी कराडचा. मुंबई आमच्यापासून तीनशे किलोमीटर.” मी त्यांना कराड म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम वगैरे सांगायला लागलो. माझं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “ऊ सब ठीक है। हैं तो मराठिए न?”

तोपर्यंतच्या आयुष्यात मला कुणी नुसतं ‘मराठी’ म्हणून बघितलं नव्हतं. मी अमक्यांचा मुलगा होतो, अमक्या कॉलेजचा, अमक्या शाखेतला, क्रिकेटला बरा, गाण्यात ढ. कराडात राहणाऱ्याला मराठीपण वेगळं जाणवायचं कारणच नसतं. त्या ओसरीवर मात्र माझं बाकीचं सगळं गळून पडलं आणि मी फक्त मराठी उरलो. आणि मराठी म्हणजे परीक्षेला आलेल्या पोरांना मारणारे.

वाईट गोष्ट अशी की त्या गृहस्थांची माहिती खोटी नव्हती. पोरांना मारलं होतंच. हे मी नंतर पुष्कळ वेळा घोळवलं मनात. आपण म्हणतो, लोकांचे दुसऱ्या प्रांताबद्दल गैरसमज असतात, ते दूर करायला माहिती द्यावी. पण अशा समजांच्या बुडाशी बहुतेक वेळा एक खरी घटना असते, एक खरा माणूस असतो. ती घटना खरी आहे म्हणूनच ती हलत नाही. मी त्यांच्यापुढे काय खोडून काढणार होतो? मला एवढंच म्हणायचं होतं की मी वेगळा आहे. आणि हे म्हणताना मला आठवत होतं की समोरून हेच वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलंय, सगळे असंच म्हणतात.

घर मला शेवटी मिळालं ते आमच्या शाखेच्या हेड कॅशियरमुळे. पन्नाशीचे, पान खाणारे, मितभाषी गृहस्थ. मला घेऊन ते एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे गेले. बाईंनी तोच प्रश्न काढायच्या आत हे म्हणाले, “चाची, इनका परिचय हम दे रहे हैं।” बस्स. बँकेत खातं उघडताना जुन्या खातेदाराची परिचय म्हणून सही घ्यायची पद्धत होती, तीच भाषा त्यांनी वापरली. माणूस त्यांनाही आठ दिवसांपूर्वीच भेटला होता. काय बघून परिचय दिला कोण जाणे. मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, “सर, किसी को तो देना था।”

चाचींच्या घरी मी साडेतीन वर्षं राहिलो. त्यांच्या घरात मैथिली बोलत, माझ्याशी हिंदी. पहिल्या महिन्यातली एक रात्र मला आठवते. लाइट गेलेली, मी अंगणात उभा राहून मोबाइलवर घरी बोलत होतो. धाकटा क्लासला गेला का, केव्हा गेला, आला का, जेवला का, असलं नेहमीचं. फोन ठेवला तर चाची दारात उभ्या. म्हणाल्या, “आप मैथिली कब सीखे?”

मी चक्रावलो. त्या म्हणाल्या, आत्ताच तर ‘गेल’, ‘आयल’ म्हणत होतात.

मैथिलीत ‘तो गेला’ला म्हणतात ‘ओ गेल’. भोजपुरीत ‘गइल’, ‘आइल’. मराठीत गेला, आला, बांगलात गेलो, एलो. हिंदीत मात्र गया, आया. भूतकाळाचा हा ‘ल’ मराठीत आहे आणि तिकडे पूर्वेला बिहार, बंगाल, ओडिशात आहे, मधल्या हिंदी पट्ट्यात नाही. जॉर्ज ग्रियर्सन या आयरिश अधिकाऱ्याची बिहारमध्ये बरीच वर्षं नोकरी झाली. भारतातल्या भाषांची त्याने जी मोठी पाहणी केली, तिच्यात अशाच खुणा बघून त्याने मराठी, बांगला आणि बिहारच्या बोली एका बाहेरच्या कड्यात बसवल्या आणि हिंदी आतल्या गटात. त्याचं ते वर्गीकरण पुढच्या पंडितांनी वादात काढलं, सुनीतिकुमार चॅटर्जींनी तर ते मानलंच नाही. पण ‘ल’ तर कानाला ऐकू येतोच की. सिनेमातला भोजपुरी बोलणारा नोकर ‘आइल’, ‘गइल’ करायला लागला की आमचं सगळं घर हसायचं. आम्ही हसत होतो ते आमच्याच क्रियापदाला.

आणखी एक. चाची ‘बरं, छान’ या अर्थी सारखं ‘नीक’ म्हणत. माझी आजी ज्ञानेश्वरीचं पारायण करायची, तिच्या तोंडून ‘निकें’ मी लहानपणी ऐकलेलं. आपल्याकडे तो शब्द पोथीत राहिला, त्यांच्याकडे स्वयंपाकघरात आहे.

मैथिलीबद्दल एवढंच सांगून सोडलं तर ते लटकं कौतुक होईल, म्हणून पुढचंही सांगतो. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असा आदराचा चढउतार असतो. मैथिलीत तो क्रियापदात फार खोल गेलाय. ‘मी त्यांना बघितलं’ आणि ‘मी त्याला बघितलं’ यात नुसतं सर्वनाम बदलत नाही, क्रियापदाचा शेवटही बदलतो. पहिल्याला ‘देखलियनि’, दुसऱ्याला ‘देखलियैक’. म्हणजे बघणारा मीच, पण ज्याला बघितलं त्याची पायरी माझ्या क्रियापदाला ठरवावी लागते. बिहारी माणूस उद्धट, रांगडा असतो असं समजणाऱ्याला मी हे अगदी मिटक्या मारत सांगायचो. मग एक दिवस लक्षात आलं की आमच्या शाखेत झाडू मारायला येणाऱ्या वयस्क माणसाशी बोलताना बाकीचे तेच क्रियापद खालच्या पायरीवर नेतात. आदराची सोय ज्या व्याकरणात आहे, त्यातच अनादराचीही आहे. जात तिथे फार उघडी आहे. हुंड्याचे आकडे मी चहाच्या टपरीवर, भाजीचे भाव सांगावेत तसे ऐकलेत. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही. एखादा प्रांत आवडायला लागला म्हणून त्याची वकिली घ्यायलाच हवी असं नाही. चाचींची आणि माझी यावरून खडाजंगी व्हायची. त्या म्हणायच्या, “आपके यहाँ जात नहीं है?” मग मी गप्प बसायचो.

आणि समज त्यांच्याकडे काय कमी होते? दक्षिणेचा कुणीही मद्रासी. बंगाली म्हणजे चिंगूस. मैथिल मंडळी भोजपुरीला राकट म्हणून नाक मुरडणार, भोजपुरीवाले मैथिलांना गोडबोले म्हणणार. अगदी आपल्यासारखंच. पुणेकर, वऱ्हाडी, कोकणी, कोल्हापुरी यांच्याबद्दलचे आपले विनोद काढले तर दिवाळी अंकांची पानं कोरी राहतील.

आता शाखेकडे वळतो, कारण माझी खरी गोष्ट काउंटरवर घडली.

दर महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे बायकांची गर्दी व्हायची. कुशेश्वरस्थानकडून, बिरौलकडून, पुराच्या पट्ट्यातून आलेल्या. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं पासबुक. एकच प्रश्न, “पैसा आया?” पासबुक छापून निघायचं आणि त्यावर पैसे कुठल्या शाखेतून आले ते दिसायचं. लुधियाना. सुरत. दिल्लीतल्या कुठल्या कुठल्या शाखा. कांदिवली. पिंपरी. भोसरी.

भोसरी हे नाव पहिल्यांदा त्या पासबुकात उमटलेलं बघितलं तेव्हा माझा हात थांबला. कारण दरभंग्याच्या आधी मी भोसरीला होतो. पुण्याजवळची औद्योगिक वसाहत, छोटे कारखाने, फाउंड्र्या. या पैशाच्या दोरीचं ते टोक मी बघितलेलं होतं. किंवा बघितलेलं नव्हतं असं म्हणा.

२००६ ची गोष्ट आहे. एक विशीतला मुलगा माझ्याकडे खातं उघडायला आला होता. फाउंड्रीत कामाला होता. हाताला भाजल्याचे डाग होते, ते मला आठवतात, चेहरा आठवत नाही. मी पत्त्याचा पुरावा मागितला. रेशनकार्ड गावाकडे, वडिलांच्या नावावर. खोलीचा करारनामा कुठून असणार, दहा जण एका खोलीत. तो परत आला, ठेकेदाराची चिठ्ठी घेऊन. मी चिठ्ठी चालत नाही म्हणालो. तिसऱ्यांदा आला तेव्हा लंच टाइम होत आला होता. मी म्हणालो, “तुम लोग आज इधर, कल उधर. कल को कुछ हुआ तो किसको पकड़ेंगे?” तो काही बोलला नाही. कागद गोळा केले आणि गेला.

आता यातली बँकेची बाजू सांगतो. नियम मला आडवा येत नव्हता. २००५ मध्येच रिझर्व्ह बँकेने साध्या, कमी रकमेच्या खात्यांसाठी कागदपत्रांची अट सैल केली होती. पन्नास हजारांच्या आत शिल्लक असेल, तर दुसऱ्या जुन्या खातेदाराने परिचय दिला तरी चालत होतं. ते परिपत्रक माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्याच फाउंड्रीतले दोन मराठी सुपरवायझर आमचे खातेदार होते. “त्यांची सही आण” एवढं तीन शब्दांचं वाक्य मी बोललो असतो तर काम झालं असतं. त्याच महिन्यात साताऱ्याकडच्या एका ओळखीच्याच्या भाच्याचं खातं मी उघडून दिलं होतं. त्याच्याकडेही भोसरीतला पत्ता नव्हता. परिचयाची सही आमच्या शिपायाने केली, मीच सांगितलं त्याला.

मला त्या वेळी आपण काही वाईट वागतोय असं अजिबात वाटलं नाही. मी स्वतःला काटेकोर अधिकारी समजत होतो. त्या मुलाचा मला द्वेष नव्हता. त्याच्याबद्दल मला काही वाटतच नव्हतं. जे ‘तुम लोग’ माझ्या तोंडून आलं, ते दरभंग्याच्या ओसरीवर ‘आप लोग’ होऊन माझ्याकडे परत आलं. फरक एवढाच की त्या गृहस्थांनी चहा देऊन म्हटलं होतं.

दरभंग्यात २००९ च्या पावसाळ्यात एक बाई आल्या, कडेवर मूल. त्यांना खातं उघडायचं होतं. नवरा पुण्याकडे कामाला. आतापर्यंत पैसे कसे यायचे विचारलं, तर गावचा एक माणूस सहा महिन्यांनी ये-जा करायचा, तो रोकड आणायचा आणि हजारामागे चाळीस रुपये कापून घ्यायचा. एकदा गाडीत त्याचा खिसा कापला गेला, म्हणजे निदान त्याने तसं सांगितलं, आणि सहा महिन्यांचे पैसे गेले. मी विचारलं, नवऱ्याने तिकडे बँकेत खातं का नाही काढलं? बाई म्हणाल्या, बँकवाला म्हणाला, तुम्हा लोकांचा ठिकाणा नसतो.

तो माझाच मुलगा होता असं मी म्हणत नाही. पुण्याच्या आसपास आमच्यासारख्या शाखा पुष्कळ, आणि माझ्यासारखे अधिकारीही पुष्कळ. नवऱ्याच्या हातावर डाग आहेत का, हे मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

मी स्वतः फॉर्म भरला. परिचयाच्या रकान्यापाशी आल्यावर हेड कॅशियरना म्हणालो, इथे मी सही करू का? ते म्हणाले, “आप कैसे कीजिएगा सर, आपको यहाँ कौन जानता है?” आणि पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलून त्यांनी सही केली.

त्यानंतर मी कर्जाच्या फायली घेऊन गावोगाव हिंडायला लागलो. मॅनेजरने एवढं हिंडायची गरज नसते. मखाण्याचे तलाव मी तेव्हाच बघितले. आता मखाणा पुण्या-मुंबईत डाएटवाल्यांचा लाडका झालाय, मसाला लावून पाकिटात मिळतो, २०२२ मध्ये ‘मिथिला मखाना’ला जीआय मानांकनही मिळालं. तेव्हा कराडला तो कुणाला फारसा ठाऊक नव्हता. कमळासारखी पाणवनस्पती, पानं थाळ्याएवढी नि त्याहून मोठी, आणि पानांना, देठांना, फळांना सगळीकडे काटे. बिया पिकल्या की तळाच्या चिखलात जाऊन बसतात. मल्लाह समाजातली माणसं बुड्या मारून तो चिखल गोळा करतात, धुऊन बिया निवडतात. मग वाळवणं, आकारानुसार चाळणं, लोखंडी कढईत भाजणं, दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा भाजणं आणि बी गरम असतानाच लाकडी थापीने ठोकून फोडणं. तेवढ्या क्षणात ठोकली तरच पांढरी लाही बाहेर उडते, गार झाली की संपलं. एका झोपडीत नवरा भाजत होता, बायको ठोकत होती. तिच्या बोटांची टोकं मी बघितली आणि नजर वळवली.

“तिकडे कामं करत नाहीत म्हणून इकडे येतात,” हे आपल्याकडचं लाडकं वाक्य आहे. मी ते म्हटलेलं आहे.

या माणसांना कर्ज मात्र मला देता येईना. तलाव त्यांच्या मालकीचे नसायचे, वर्षाच्या बोलीवर घेतलेले, आणि कागद कुठलाच नाही. भोसरीत पत्त्याचा कागद नव्हता, इथे पाण्याचा कागद नव्हता. काही जणांचे गट करून थोडं फार जमवलं. ते पुरेसं नव्हतं.

बिहार गरीब का, याला ‘लोकच तसे’ हे उत्तर मी चोवीस वर्षं पुरवून वापरलं. तिथे गेल्यावर एका निवृत्त प्राध्यापकांनी माझी शिकवणी घेतली. आमचे ठेवीदार होते, रोज अकराला येऊन बसायचे. त्यांनी सांगितलेलं मी नंतर वाचून बघितलं. १७९३ ची कायमधारा पद्धत तिथे जमीनदार बसवून गेली, आपल्याकडे इंग्रजांनी रयतवारी आणली. तो फरक आजही शेताच्या बांधावर दिसतो. दुसरी गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती. १९५२ पासून १९९३ पर्यंत केंद्राचं भाडं-समानीकरणाचं धोरण होतं. पोलाद, कोळसा यांसारख्या मालाच्या वाहतुकीचा बोजा सरकारने असा वाटून घेतला की तो खाणीजवळ आणि हजार मैलांवर जवळपास सारख्याच भावाने मिळावा. तेव्हाच्या बिहारमध्ये आजचं झारखंड होतं, म्हणजे खाणी त्यांच्याकडे. मग कारखानदाराने खाणीजवळ कारखाना कशाला काढावा? त्याने बंदराजवळ, बाजारपेठेजवळ काढला. मुंबईजवळ काढला, पुण्याजवळ काढला. ज्या फाउंड्रीत त्या पोराचे हात भाजले, ती त्याच्या प्रांतातून आपल्याकडे आलेली असू शकते, असं प्राध्यापक म्हणाले. हे एकच कारण आहे असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तिथल्या राज्यकर्त्यांनीही काही कमी वाटोळं केलं नाही, हे त्यांनीच मला जास्त चवीने सांगितलं. आणि कोसी तर आहेच. १९३४ च्या भूकंपाच्या वर्षी निर्मली आणि सरायगढ यांच्यामधला कोसीवरचा रेल्वेमार्ग तुटला, तो पुन्हा जोडला गेला २०२० मध्ये. शहाऐंशी वर्षं. आपल्याकडे एखादा घाट दोन दिवस बंद राहिला तर बातमी होते.

याच प्राध्यापकांनी मला सखाराम गणेश देऊस्करांबद्दल विचारलं. मला नाव माहीत नव्हतं. देवघरकडच्या मराठी कुटुंबात जन्मलेला हा माणूस, ‘देशेर कथा’ हे गाजलेलं पुस्तक त्याने १९०४ मध्ये बांगलात लिहिलं. काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हिंदी पत्रकारितेचे एक आधारस्तंभ झाले. प्राध्यापक म्हणाले, “इनको किसी ने बाहरी नहीं कहा।” आज मला ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, कोलकात्याला राहणारे असतील. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. परप्रांतीय हा शब्द आपणही कुठेतरी आहोतच.

जाता जाता दोन गोष्टींबद्दल सावध करतो. बिहारचं कौतुक करायचं म्हणून लोक बुद्ध, नालंदा, आर्यभट अशी माळ लावतात. आर्यभटाचा आमच्या रिक्षावाल्याशी काय संबंध? तो जिवंत माणूस सोडून त्याच्या दीड हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाला नमस्कार करणं सोपं जातं. दुसरी गोष्ट खाण्याची. लिट्टी मला फार आवडते, सातूचं पीठ अजून कुणाकडून तरी मागवतो. पण भैय्याकडची पाणीपुरी आपल्याला आधीपासूनच आवडत होती की.

२०१२ मध्ये माझी पुण्याला बदली झाली. निघताना चाचींनी ठेकुआ बांधून दिला आणि हेड कॅशियर स्टेशनवर आले. फारसे बोलले नाहीत, पान खाल्लं.

पुण्याला रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात काउंटरवर एक पोरगा आला. अठरा-एकोणीसचा. फॉर्मवर आडनाव बघितलं, अस्सल मैथिल. जन्मठिकाण मधुबनी. मला काय आनंद झाला! मी त्याला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली आणि साडेतीन वर्षांची सगळी पुंजी पणाला लावून विचारलं, “अहाँक घर कतय अछि?”

तो एकदम उभा राहिला. मागे दाराकडे बघितलं. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, “सर, माझं काही चुकलं का? मी इथलाच आहे. भोसरीत मराठी शाळेत होतो. मला ती गावाकडची भाषा नीट येत नाही.”

मी म्हणालो, “बस रे, बस.” त्याने कागद पुढे केले. पत्त्याचा पुरावा होता, सगळं होतं. परिचयाच्या सहीची गरजच नव्हती.